टेस्टकंटेनर्स: खऱ्या डेटाबेसवर चाचण्या चालवणाऱ्या लायब्ररीचे परीक्षण

जावामध्ये व्यावसायिक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बहुतेक टीमच्या चाचण्यांचे चित्र सारखेच असते. युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा सुटा तपासणाऱ्या चाचण्या) मॉकिटो ही नकली वस्तू पुरवणारी लायब्ररी वापरून लिहिलेल्या असतात, त्या भराभर चालतात आणि बिल्ड (कोड जुळवून चाचण्या चालवण्याची प्रक्रिया) हिरवा दिसतो. डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडसाठी मात्र मेमरीत चालणारा एच-टू डेटाबेस पुढे केलेला असतो आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात, प्रत्यक्षात ओरॅकल, पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल असतो. चाचणी एका डेटाबेसवर आणि व्यवहार दुसऱ्यावर, अशा या व्यवस्थेत जी तफावत राहते, ती बहुतेक वेळा रिलीजच्या रात्रीच उघड होते. टेस्टकंटेनर्स ही लायब्ररी ही तफावत जवळजवळ नाहीशी करते. पुण्यातील आमच्या टीममध्ये ती रोजच्या वापरात आहे आणि हे परीक्षण त्या वापरातून लिहिले आहे. मत आधीच सांगून टाकतो: ज्या जावा प्रोजेक्टमध्ये हाताने लिहिलेले एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) थोडेफार तरी आहे, तेथे ही लायब्ररी घ्यावीच, परंतु ती सगळ्याच चाचण्यांना लावू नये आणि डॉकरची (प्रोग्राम कंटेनर नावाच्या सुट्या, बंदिस्त कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाची) सोय नीट लावल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

थोडी पार्श्वभूमी. रिचर्ड नॉर्थ यांनी २०१५ मध्ये हा मुक्त स्रोत प्रकल्प सुरू केला. पुढे २०२१ मध्ये त्यांनी सर्गेई एगोरोव्ह यांच्यासोबत ॲटॉमिकजार ही कंपनी काढली आणि डिसेंबर २०२३ मध्ये डॉकर कंपनीने ती विकत घेतली. लायब्ररी एमआयटी परवान्याखाली आहे, त्यामुळे ती वापरण्यासाठी पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो आजूबाजूच्या गोष्टींवर. त्याविषयी पुढे येईलच.

काम करण्याची पद्धत सरळ आहे. चाचणी सुरू होताना लायब्ररी डॉकरला सांगून पोस्टग्रेसचा एक कोराकरकरीत कंटेनर उभा करते, तो कनेक्शन घेण्यास तयार होईपर्यंत थांबते, मग चाचण्या चालतात आणि शेवटी कंटेनर पुसून टाकला जातो. पोस्टग्रेस आतमध्ये नेहमीच्या ५४३२ या पोर्टवरच ऐकत असतो, पण बाहेर मशीनवर त्याला दर वेळी वेगळा, मोकळा असलेला पोर्ट क्रमांक मिळतो. त्यामुळे एकाच सर्व्हरवर दोन बिल्ड एकाच वेळी चालू असले तरी ते एकमेकांच्या पायात येत नाहीत. सर्वांसाठी मिळून एकच चाचणी-डेटाबेस सर्व्हर ठेवणाऱ्या टीममध्ये ‘माझा डेटा कोणी पुसला?’ हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना एवढ्या एका गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

हे ‘तयार होईपर्यंत थांबणे’ दिसते तितके सोपे नाही, आणि लायब्ररीचा कसबी हात येथेच दिसतो. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (ज्यापासून कंटेनर उभा राहतो तो तयार साचा) पहिल्यांदा सुरू होताना आधी प्राथमिक मांडणीसाठी सर्व्हर तात्पुरता चालू करते, वापरकर्ता आणि डेटाबेस तयार करते, तो सर्व्हर बंद करते आणि मग खरा सर्व्हर चालू करते. ‘डेटाबेस कनेक्शन घेण्यास तयार आहे’ ही ओळ लॉगमध्ये म्हणूनच दोनदा उमटते. जो कोणी स्वतः शेल स्क्रिप्ट लिहून हे काम करायला जाईल, तो पहिल्या ओळीवर विसंबेल आणि मग कधी चालणाऱ्या, कधी पडणाऱ्या चाचण्यांचे कारण शोधत बसेल. टेस्टकंटेनर्सचे पोस्टग्रेस मॉड्यूल ती ओळ दुसऱ्यांदा येईपर्यंत थांबते. शिवाय ते एफसिंक (प्रत्येक बदल डिस्कवर पक्का लिहिण्याची सोय) बंद ठेवून सर्व्हर सुरू करते, कारण चाचणीच्या डेटाला वीज गेल्यावरही टिकून राहण्याची गरज नसते. अशा बारीकसारीक गोष्टी प्रत्येक मॉड्यूलमध्ये आधीच सोडवलेल्या मिळतात, आणि माझ्या दृष्टीने लायब्ररी घ्यायची ती यासाठी. नुसता कंटेनर उभा करणे डॉकर कंपोजलाही जमते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: एच-टूमध्ये जे दिसत नाही ते येथे दिसते म्हणजे नेमके काय? एच-टू हा उत्तम डेटाबेस आहे आणि त्यात ओरॅकल, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल यांच्याशी जुळवून घेण्याचे मोडही आहेत, पण ते जुळवून घेणे बरेचसे व्याकरणापुरते असते. पोस्टग्रेसच्या जेसनबी (जेसन स्वरूपाचा डेटा ठेवणाऱ्या) स्तंभांवरील ऑपरेटर, अट घातलेला आंशिक इंडेक्स, किंवा ‘असेल तर बदल, नसेल तर घाल’ हे एकाच वाक्यात करणारी ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ रचना एच-टूवर चालत नाही. मग टीम एकतर हे वापरणेच टाळते, म्हणजे विकत घेतलेल्या घोड्यावर न बसता चालत जाते, किंवा तेवढा कोड चाचणीविना सोडून देते. निदान येथे चूक उघडपणे समोर येते, कारण एच-टू सरळ एरर देतो. खरा धोका दोन्हीकडे चालणाऱ्या पण वेगळ्या अर्थाने चालणाऱ्या कोडचा असतो, आणि मराठीत डेटा साठवणाऱ्या प्रत्येक टीमने त्यातला एक प्रकार तरी स्वतः करून पाहावा असा आहे.

जिल्ह्यांची एक साधी यादी घ्या. ओरॅकलमध्ये जिल्ह्याच्या नावाचा स्तंभ व्हारचार-टू या मजकुराच्या प्रकारचा, लांबी ३०. ओरॅकलमध्ये वेगळे काही सांगितले नसेल तर ही लांबी अक्षरांची नसून बाइटची असते. यूटीएफ-८मध्ये (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते मूळ अक्षर असो, मात्रा असो, अनुस्वार असो की हलन्त असो, ३ बाइट घेते. ‘औरंगाबाद’ या नावात ८ चिन्हे आहेत, म्हणजे २४ बाइट. ते आरामात बसते. २०२३ मध्ये नाव बदलले आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहायची वेळ आली. त्यात देवनागरीची १६ चिन्हे आणि एक मोकळी जागा, म्हणजे ४९ बाइट. एच-टूवर लांबी चिन्हांमध्ये मोजली जाते, त्यामुळे १७ हा आकडा ३०च्या आत निमूट बसतो आणि चाचणी हिरवी होते. हीच चाचणी टेस्टकंटेनर्सने उभ्या केलेल्या ओरॅकलवर चालवली की ती ओआरए-१२८९९ या एररने पडते आणि एररमध्ये स्तंभाचे नाव, प्रत्यक्ष लांबी ४९, कमाल ३० असे सगळे स्वच्छ लिहिलेले असते. गंमत अशी की ‘अहिल्यानगर’ची १० चिन्हे बरोबर ३० बाइट होतात, त्यामुळे तो जिल्हा काठावर पास होतो आणि ज्याने फक्त त्याच नावाने तपासले असेल तो निर्धास्त राहतो. दुरुस्ती एका शब्दाची आहे: स्तंभाची लांबी सांगताना ‘३० CHAR’ असे लिहायचे, म्हणजे मोजणी चिन्हांची होते. पण ही दुरुस्ती करायला हवी हे कळण्यासाठी चाचणी खऱ्या ओरॅकलवरच चालायला लागते.

या निमित्ताने आणखी एक फायदा सांगायला हवा, जो बहुतेक परीक्षणांत मागे पडतो. डेटाबेसच्या रचनेतील बदल सांभाळणारी फ्लायवे किंवा लिक्विबेस ही साधने वापरणारी टीम असेल, तर कोऱ्या कंटेनरवर पहिल्यापासूनची सर्व मायग्रेशन (असे बदल करणाऱ्या स्क्रिप्ट) प्रत्येक बिल्डमध्ये क्रमाने चालतात. म्हणजे वरची दुरुस्ती करणारे मायग्रेशन मुख्य कोडमध्ये मर्ज होण्याआधीच खऱ्या डेटाबेसवर चालून गेलेले असते. मायग्रेशनची फाइल पहिल्यांदा चालण्याची जागा जर यूएटीचा (वापरकर्त्यांच्या स्वीकृती-चाचणीचा) सर्व्हर असेल, तर त्या टीमची रिलीज प्रक्रिया नशिबावर सोडलेली आहे असे मी खुशाल म्हणेन.

स्प्रिंग बूट हे जावा फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी हे सर्व मे २०२३ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीपासून फार सुटसुटीत झाले. त्याआधी कंटेनर सुरू झाल्यावर मिळालेला पत्ता, वापरकर्ता आणि पासवर्ड हाताने स्प्रिंगच्या सेटिंगमध्ये भरणारी एक पद्धत प्रत्येक प्रोजेक्टमध्ये लिहावी लागे. आता कंटेनरच्या घोषणेवर ‘सर्व्हिस कनेक्शन’ हे ॲनोटेशन (कोडवर लावायची खूण) लावले की जोडणी आपोआप होते. हीच सोय चाचणीबाहेर, म्हणजे डेव्हलपरने आपल्या मशीनवर ॲप्लिकेशन चालवतानाही वापरता येते. नवीन माणूस टीममध्ये आला की ‘आधी ओरॅकल इन्स्टॉल कर, मग ही स्क्रिप्ट चालव, मग अमुक फाइल बदल’ असे सांगणारे ते लांबलचक पान रद्द करता येते. क्वार्कस या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कच्या डेव्ह सर्व्हिसेसच्या मुळाशीही हीच लायब्ररी आहे, त्यामुळे क्वार्कसवाल्यांना कदाचित नकळत तीच वापरायला मिळत असते.

स्प्रिंगबरोबर एक सापळा आहे आणि तो इतक्या टीमना छळतो की त्याविषयी सविस्तर लिहिणे योग्य ठरेल. जेयुनिट या चाचणी-लायब्ररीच्या ॲनोटेशनने स्टॅटिक कंटेनर घोषित केला की त्या टेस्ट क्लासमधील चाचण्या संपल्यावर तो बंद होतो. दुसरीकडे स्प्रिंग वेळ वाचावा म्हणून आपला ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट (ॲप्लिकेशनचे जोडून तयार झालेले सगळे भाग) कॅशमध्ये ठेवून पुढच्या क्लासला तोच देते. आता सामाईक बेस क्लासमध्ये कंटेनर असेल तर काय होते? पहिला क्लास नीट चालतो. कंटेनर बंद होतो. दुसऱ्या क्लाससाठी नवा कंटेनर नव्या पोर्टवर उभा राहतो. पण कॅशमधल्या कॉन्टेक्स्टकडे जुन्याच पोर्टचा पत्ता असतो. कनेक्शन नाकारले गेल्याचा एरर येतो. सर्वांत वाईट म्हणजे प्रत्येक क्लास एकटा चालवला की चाचण्या पास होतात, त्यामुळे डेव्हलपर ‘माझ्याकडे तर चालते’ म्हणतो आणि सीआय सर्व्हरवर (प्रत्येक बदलानंतर बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) संशय घेतला जातो. उपाय दोन आहेत. एक तर बेस क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये कंटेनर हाताने सुरू करावा, जेयुनिटचे ॲनोटेशन लावू नये आणि तो थांबवूही नये, म्हणजे संपूर्ण बिल्डसाठी एकच कंटेनर राहतो. नाहीतर कंटेनर स्प्रिंगचा बीन (स्प्रिंगने सांभाळलेली वस्तू) म्हणून घोषित करावा, म्हणजे कॉन्टेक्स्ट जिवंत असेपर्यंत कंटेनरही जिवंत राहतो. नवीन प्रोजेक्टमध्ये मी दुसरा मार्ग निवडतो.

‘थांबवू नये’ म्हटल्यावर उरलेले कंटेनर कोण साफ करणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी लायब्ररी रयुक नावाचा एक छोटा कंटेनर सोबतीला उभा करते. तो जावा प्रक्रियेशी एक कनेक्शन धरून बसतो आणि ते तुटले, म्हणजे बिल्ड संपला किंवा कोणी मध्येच मारला, की त्या बिल्डचे लेबल असलेले सगळे कंटेनर काढून टाकतो. त्यामुळे डीबग करताना लाल बटण दाबून बिल्ड थांबवला तरी मशीनवर अनाथ डेटाबेस साचत नाहीत. मात्र रयुकला डॉकरच्या सॉकेटपर्यंत पोहोचण्याची परवानगी लागते आणि कडक सुरक्षा धोरण असलेल्या कंपन्यांत नेमकी तीच नाकारली जाते. तो एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने (मशीनवरच्या सेटिंगने) बंद करता येतो. तसे केल्यास सफाईची व्यवस्था आपली आपण लावावी लागते.

येथून तक्रारींचा भाग सुरू होतो, आणि त्यातल्या बहुतेक डॉकरच्या दिशेने जातात. मोठ्या कंपनीत लॅपटॉपवर डॉकर मिळवणे हेच पहिले दिव्य असते. डॉकर डेस्कटॉपचा परवाना २०२१ मध्ये बदलला. ज्या कंपनीत २५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी आहेत, किंवा जिची वार्षिक उलाढाल १ कोटी डॉलरच्या वर आहे, तिला तेव्हापासून सशुल्क वर्गणी घ्यावी लागते. हिंजवडी, खराडीतल्या बहुतांश मोठ्या कंपन्या या व्याख्येत येतात. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) थेट डॉकर इंजिन बसवणे, किंवा रँचर डेस्कटॉप वापरणे हे मार्ग आहेत आणि ते चालतात. पॉडमन हे डॉकरसारखे दुसरे साधनही चालते, पण त्यावर रयुकच्या बाबतीत जास्तीची खटपट करावी लागते. टीममधल्या प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने हे सोडवू नये. एकच मार्ग ठरवून तो लिहून ठेवावा.

दुसरी अडचण इमेज आणण्याची. ऑफिसचा प्रॉक्सी एचटीटीपीएस रहदारी उघडून तपासत असेल, तर इमेज ओढताना प्रमाणपत्राच्या एररने काम थांबते. शिवाय नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबवर (इमेजच्या सार्वजनिक साठ्यावर) लॉगिन न करता होणाऱ्या डाउनलोडला मर्यादा आहे आणि ती आयपी पत्त्यानुसार मोजली जाते. सगळे ऑफिस एकाच पत्त्यामागे असेल तर ती झटकन संपते. यावर चांगला उपाय म्हणजे कंपनीच्या नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी या साठवण-सर्व्हरमध्ये डॉकर हबची प्रॉक्सी ठेवणे आणि टेस्टकंटेनर्सला इमेजच्या नावाआधी तो पत्ता जोडायला सांगणे. त्यासाठी सेटिंगमध्ये एकच ओळ लागते, कोडला हात लावावा लागत नाही. आणि इमेजची आवृत्ती नेहमी नेमकी लिहावी, प्रॉडक्शनमध्ये जी आहे तीच. ‘लेटेस्ट’ लिहिणे म्हणजे एखाद्या सोमवारी कोणीही काहीही न बदलता बिल्ड तुटण्याची तजवीज करून ठेवणे.

सीआयवरचा अनुभव कोणता सीआय आहे यावर ठरतो. गिटहबच्या लिनक्स रनरवर डॉकर आधीच असतो, काहीच करावे लागत नाही. गिटलॅबवर डॉकरच्या आत डॉकर चालवणारी सेवा जोडावी लागते. जेनकिन्सचे एजंट कुबरनेटिसच्या पॉडमध्ये (कंटेनरच्या गटात) चालत असतील, तर विशेषाधिकार असलेला पॉड मागावा लागतो आणि तेथे सुरक्षा विभागाशी बसून बोलण्याशिवाय गत्यंतर नाही. हे बोलणे लायब्ररी प्रोजेक्टमध्ये घालण्याआधी व्हावे.

वेगाविषयी प्रामाणिकपणे बोलायचे तर एच-टूशी तुलनाच नको. पोस्टग्रेसचा कंटेनर काही सेकंदांत उभा राहतो. ओरॅकलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो आणि त्याची इमेजही जड असते. ओरॅकलच्या फ्री आवृत्तीच्या, सामुदायिकरीत्या प्रसिद्ध होणाऱ्या इमेजमध्ये ‘फास्टस्टार्ट’ असा प्रकार आहे, त्यात डेटाबेस आधीच उलगडून ठेवलेला असतो. डाउनलोड मोठे होते पण सुरुवात पुष्कळ लवकर होते. चाचण्यांसाठी तोच घ्यावा. या फ्री आवृत्तीला २ सीपीयू थ्रेड, २ जीबी मेमरी आणि १२ जीबी वापरकर्ता-डेटा अशा मर्यादा आहेत, पण चाचणीला त्या कधी आड येत नाहीत. डेव्हलपरच्या मशीनवर कंटेनर पुन्हा वापरण्याचीही सोय आहे: घोषणेत एक शब्द आणि होम फोल्डरमधील सेटिंग फाइलमध्ये एक ओळ घातली की बिल्ड संपल्यावरही कंटेनर चालू राहतो आणि पुढची चाचणी लगेच सुरू होते. सीआयवर मात्र ही सोय बंदच असावी, कारण तेथे कोरा डेटाबेस मिळणे हाच तर सगळा मुद्दा आहे.

वेग राखण्याचा खरा मार्ग मात्र संयमाचा आहे. व्याजाची आकारणी, पात्रतेचे नियम, तारखांची गणिते असा जो कोड डेटाबेसला शिवत नाही, त्याच्या चाचण्या साध्या युनिट टेस्टच राहाव्यात. कंटेनर फक्त रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारे क्लास), मायग्रेशन आणि निवडक संपूर्ण प्रवाहांसाठी असावा. ही रेषा आखली नाही, तर उत्साहाच्या भरात प्रत्येक चाचणीला स्प्रिंगचा पूर्ण कॉन्टेक्स्ट आणि कंटेनर लागतो, बिल्ड रेंगाळतो आणि अखेर कोणीतरी ‘स्किप टेस्ट्स’ लिहून काम भागवतो. मेव्हनमध्ये (बिल्ड चालवणाऱ्या साधनात) या चाचण्या शुअरफायरऐवजी फेलसेफ प्लगइनकडे दिल्या, तर दोन्ही गट आपोआप वेगळे राहतात आणि दिवसभर फक्त जलद गट चालवता येतो.

चाचणीनंतरच्या सफाईविषयीही एक सूचना. चाचणीवर ट्रान्झॅक्शनचे ॲनोटेशन लावून शेवटी रोलबॅक करणे सोयीचे असते, पण त्यामुळे खऱ्या डेटाबेसचा फायदा अर्धा वाया जातो. हायबरनेट (जावातील वस्तू डेटाबेसमध्ये साठवणारी लायब्ररी) बदल डेटाबेसकडे पाठवण्याआधीच रोलबॅक होऊ शकतो, म्हणजे तो ४९ बाइटचा एरर येतच नाही. आणि सेशन उघडे असल्याने लेझी लोडिंगची (डेटा गरज पडेल तेव्हाच आणण्याची) चूकही झाकली जाते. प्रत्येक चाचणीआधी टेबल रिकामी करणे थोडे संथ, पण खरे आहे.

ही लायब्ररी काय पकडत नाही, तेही वापरण्याआधी माहीत असावे. रिकाम्या टेबलवर चाललेल्या क्वेरीवरून लाखो नोंदींवरचा तिचा वेग कळत नाही. पोस्टग्रेसच्या कंटेनरमध्ये मिळणारा वापरकर्ता सुपरयूजर असतो, त्यामुळे प्रॉडक्शनमधील मर्यादित अधिकारांच्या खात्याला ज्या टेबलवर परवानगी नाही, ते येथे कळणार नाही. ज्यांना ते तपासायचे आहे त्यांनी सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये तसे खाते तयार करून त्याच्याच नावाने जोडणी करावी. ओरॅकलच्या जुन्या प्रॉडक्शन सर्व्हरचा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ नसेल, तर वरच्या उदाहरणातले बाइटचे गणितही तेथे वेगळे निघेल.

आवृत्तीविषयी शेवटचे. पहिल्या मालिकेतील लायब्ररी जेयुनिट ४ सोबत घेऊन येत असे, अगदी प्रोजेक्टमध्ये फक्त जेयुनिट ५ असले तरी, आणि मग आयडीई (कोड लिहिण्याचे साधन) चुकून जुन्याच ॲनोटेशनचे इम्पोर्ट सुचवत असे. २.० आवृत्तीत ते काढून टाकले आहे आणि मॉड्यूलची नावेही बदलून त्यांच्याआधी ‘टेस्टकंटेनर्स’ हा शब्द जोडला आहे. नवीन प्रोजेक्टने थेट दुसऱ्या मालिकेपासून सुरुवात करावी. जुन्या प्रोजेक्टने आधी उरलेल्या जेयुनिट ४च्या चाचण्या बदलून घ्याव्यात, मग पॉम फाइलला (मेव्हनच्या सेटिंग फाइलला) हात लावावा.